मोहन्याची नंदा आणि तिचा वजनकाटा

आमच्या कल्याणजवळच्या मोहन्यात नंदा अंगणवाडीला लागली त्याला आता एकोणीस वर्षं झाली. कारखाना बंद पडला, नवरा घरी बसला, तेव्हा ही पदर खोचून बाहेर पडली. चाळीतली एक खोली, भिंतीवर भाज्यांची चित्रं, कोपऱ्यात खिचडीचं पातेलं आणि एक वजनकाटा, एवढं तिचं राज्य. बाई चहासुद्धा उभ्याउभ्याच पिते. बस म्हटलं तर म्हणते, "रमाआजी, बसले की राहिलेली कामं आठवतात." उभी असताना ती विसरते असंही काही मला दिसलं नाही.

दर महिन्याला ती पोरांची वजनं करते नि मोबाइलमध्ये भरते. वजन नीट असलं तर हिरवं, कमी असलं तर पिवळं, फारच कमी असलं तर लाल. दिल्लीत ठरलंय म्हणे, देशातली बारकी पोरं दरवर्षी कमी झाली पाहिजेत. मी घाबरलेच. तेव्हा तिने समजावलं, पोरं नव्हे, त्यांचा बारकेपणा. आणि लठ्ठपणाही वाढायला नको. समोरचा देवेश चौथ्या वर्षी चोवीस किलो भरला, तर नंदाने त्याच्या वेफर्सच्या पुड्या बंद करायला लावल्या. त्याची आई महिनाभर तिच्याशी बोलली नाही.

यंदा तिच्या केंद्रात सलग तीन महिने एकही लाल नव्हतं. कल्याणच्या मीटिंगमध्ये शुक्रवारी प्रमाणपत्र मिळणार, असं सुपरवायझर मॅडमनी सांगितलं. दुसरी असती तर साडीला इस्त्री करत बसली असती. ही आमच्या दारावरून तीनदा गेली आणि तिन्ही वेळा आत डोकावली.

कारण माझी नात, मृणाल. दोन वर्षांची. सून सोनल सकाळीच डोंबिवलीला कंपनीत जाते, पोर माझ्यापाशी.

"काटा म्हणतो साडेआठ किलो, म्हणजे पिवळं," नंदा म्हणाली, "आणि दंडाला घेर मोजायची पट्टी लावली तर ती लालच्या काठावर. दोघांतलं खोटं कोण?"

काटा बिघडला असेल म्हणून तिने त्यावर तांदळाची पाच किलोची सीलबंद पिशवी ठेवली. पाचच भरली. मग स्वतः उभी राहिली, चटकन उतरली, आणि तो आकडा कुणाला सांगितला नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा मृणालची आंघोळ चालली होती. पोर उघडी पाटावर बसलेली, आणि बाजूला ताटलीत तिची चांदी. कमरेची साखळी, वाळे, तोडे. सगळं माझ्या सासूच्या वेळचं, घसघशीत.

"आजी, हे वजनाच्या दिवशी अंगावर असतं?"

"मग? माझ्या सासूचा नेमच होता तसा. काट्यावर मूल चढवायचं तर अंगावर चांदी पाहिजे, नाहीतर नजर लागते. एरवी काढून ठेवते, बोचतं तिला."

"आणि फ्रॉक काढू देत नव्हतात ते?"

"सर्दी होईल म्हणून!"

नंदा खाली फरशीवर बसली. एवढ्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा बसलेली बघितली.

पोरीला टॉवेलात गुंडाळून आम्ही केंद्रात नेलं. आठ किलो पन्नास ग्रॅम. नुसता आकडा टाकून बघितला तरी मोबाइल लाल झाला.

"दिवसभर खाते काय?"

"चहा-बिस्कीट. भात दिला की तोंड फिरवते, मग रडते, मग देते."

"किती वेळा?"

मी बोटं मोजायला लागले आणि एक हात संपल्यावर थांबले.

तेवढ्यात मॅडमचा फोन आला, नंदाने आकडा सांगितला. खोली छोटी, सगळं ऐकू येत होतं. "अगं नंदा, एका महिन्यात चारशे-साडेचारशे ग्रॅम उतरलं दाखवलंस तर मागचे आकडे खोटे म्हणतील. शुक्रवार जाऊ दे. पुढच्या महिन्यात भर ना."

"मॅडम, लाल भरल्याशिवाय डॉक्टरांच्या यादीत नाव जात नाही. पुढच्या महिन्यापर्यंत पोरीने काय करायचं?"

"तुझी मर्जी."

तिने भरलं. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं.

मी म्हटलं, "मला बोल गं काहीतरी. चार शिव्या घाल."

"त्याला वेळ कुठंय आजी? चांदी काय तुमच्याच घरात आहे?"

मग जी सुटली ती चार दिवस थांबली नाही. बेचाळीस पोरं, नुसत्या चड्डीवर, पुन्हा काट्यावर. शेजारच्या शकूच्या सासूने तर दारातच अडवलं, "वेड लागलंय का बाई तुला? परवाच केलं ना वजन?" नंदा म्हणाली, "लागलंय. पोर द्या इकडे." आणखी तीन लाल निघाली.

शुक्रवारी प्रमाणपत्र दुसऱ्याच केंद्राला गेलं. नंदाला मिळाली मागचे आकडे चुकल्याची नोटीस. तिने उत्तर दिलं, "कपडे, दागिने उतरवून बघायला हवं होतं, चूक माझी आहे." माझं नाव त्यात कुठेच नाही. असतं तर बरं झालं असतं, रात्री डोळा तरी लागला असता.

डॉक्टरांनी मृणालचं रक्त आणि शी तपासली. रक्त कमी, पोटात जंत. औषधं दिली, दर आठवड्याला बोलावलं. चहा बंद. आता नाचणी, डाळ, अंडं. मी जन्मात अंडं फोडलं नव्हतं, आता टरफल सोलून मऊ कुस्करून भरवते. तीन आठवड्यांत दीडशे ग्रॅम वाढलं. मी पेढे आणू का विचारलं, तर नंदा म्हणाली, "अजून पिवळ्यातच आलीय. नऊ झाले की बघू."

आज सकाळी पोरीने अर्धी वाटी खाल्ली आणि पलंगाखाली शिरली. उरलेली अर्धी घेऊन मी ओणवी होऊन तिला चुचकारत होते, आणि नंदा उंबऱ्यावर उभी राहून सारखी विचारत होती, "घेतला का घास? गिळला का?"