लाल ठिपक्याचं पुस्तक

हरवलेलं पुस्तक शोधण्याची विद्या माजलगाव तालुक्यात एकाच व्यक्तीला पूर्ण अवगत होती, आणि त्या व्यक्तीने वाचनालयाची यादी कधी उघडून पाहिली नाही. माझ्या वर्गमित्राच्या या थोरल्या बहिणीला सगळे आक्का म्हणत. घरची मेंढरं राखत राखत पंचेचाळिशीत त्यांनी मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातले. बाजाराच्या दिवशी वाचनालयात मिळणारे दोन तास, एवढेच त्यांचे कॉलेज. मी तिथे वर्तमानपत्रे चाळत असे. आक्का काठी दाराशी टेकवून आत येत, ग्रंथपालांना पुस्तकाचे नाव सांगत आणि पुढे एकच विचारत, "शेवटी कुनी नेलतं?"

शेवटच्या वर्षी मराठवाड्याच्या इतिहासाचे एक पुस्तक सापडेना. त्याच्याविना गृहपाठ होणार नव्हता आणि तो आठ दिवसांत दिला नाही तर वर्ष बुडणार होते.

"यादीत आहे, कपाटात नाही. मी काय करू?" ग्रंथपाल म्हणाले.

"मग यादी कावून दाखविता, सर? मेंढरू चुकलं तर मी बाकीची मोजत बसत न्हाई. कुनाच्या रानात दिसलं ते इचारते."

देवघेवीच्या वहीत शेवटचे नाव एका निवृत्त गुरुजींचे निघाले. गुरुजींनी पुस्तक भाचीला दिले होते, भाचीने तलवाड्याच्या मैत्रिणीला. तिसऱ्या दिवशी ते आक्कांच्या हातात होते. वीस वर्षांच्या बातमीदारीत इतका सरळ तपास मला एकदाही जमलेला नाही.

गृहपाठ वेळेत गेला. पुस्तक मात्र परत आले ते पाठीवर मेंढरांना लावायच्या लाल रंगाचा ठसठशीत ठिपका घेऊन.

"आक्का, हे वाचनालय आहे, कळप नाही. सभासदत्व रद्द करीन."

"करा की. पन आता कुटंबी गेलं तरी वळखू येईल."

ग्रंथपालांनी तक्रार लिहायला घेतली, पण पुरी केली नाही. आक्का पास झाल्या. आता त्या कळपामागे लांब असतात, वाचनालयात येत नाहीत. घरून शिकणाऱ्या मुली येतात आणि लाल ठिपक्याचं पुस्तक मागतात.

मध्यंतरी ते बांधणीला गेले आणि कोऱ्या पुठ्ठ्यात परत आले. ग्रंथपालांनी खणातून लाल शाई काढली. मी पाहतो आहे हे लक्षात येताच म्हणाले, "लोकर कातरली की खूण पुन्हा लावायची असते. आक्का सांगायच्या."