चौदाव्या पानावरच्या बासष्ट मेंढ्या

हर्षदा कोळपे हिनं पहिल्यांदा केलेल्या कळपात बासष्ट मेंढ्या होत्या. त्यातली तिनं काढलेली एकच. उरलेल्या एकसष्ट कॉपी करून चिकटवलेल्या, काही उलट्या तोंडाच्या, काही थोड्या लहान. केडगाव चौफुल्यावरच्या ज्या फ्लेक्सच्या दुकानात ती सहा वर्षं काम करत होती तिथली रीतच तशी होती. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर चाळीस शुभेच्छुक बसवायचे असले की एक चौकट आखायची आणि चाळीस वेळा चिकटवायची.

हर्षदा राहू गावची, वय सव्वीस. चित्रकला शिक्षकाची पदविका आहे, पण भरती निघाली नाही, म्हणून दुकान. सहा वर्षांत तिनं हजारो नावं मोठ्या अक्षरांत लावली, त्यात तिचं स्वतःचं एकदाही नव्हतं. फावल्या वेळात काढलेली चित्रं ती इन्स्टाग्रामवर टाकायची. फेब्रुवारीत पुण्याच्या एका लहान प्रकाशनसंस्थेच्या संपादक नीलम भागवत यांनी ती पाहिली आणि फोन केला. पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी चोवीस पानांचं पुस्तक होतं. कळपात हरवलेलं कोकरू आपल्या आईला शोधतं, एवढीच गोष्ट. दोन पानं नमुन्याला करायची. ती पसंत पडली तर सगळं पुस्तक हर्षदाचं, आणि मुखपृष्ठावर लेखिकेच्या नावाखाली तिचं नाव.

तिनं दुकानातल्या पेन टॅब्लेटवर गोल, पांढऱ्या, हसऱ्या मेंढ्या केल्या. नीलमताईंना त्या आवडल्या. एकच सूचना आली: चौदाव्या पानावर मुलांनी कोकराची आई शोधायची आहे, तेव्हा आईच्या गळ्यात लाल रिबीन दाखवा. बाकी हरकत नाही, कामाचा करार पाठवते.

त्या संध्याकाळी तिनं ते पान मोबाइलवर आजोबांना दाखवलं. गेणबा कोळपे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत त्यांच्याकडं दोनशे मेंढरं होती. मग नदीवरून पाइपलाइन आली, ऊस लागला, मेंढरं विकली. त्यांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला.

"ह्या कुणाच्या म्हणायच्या?"

"कुणाच्या नाहीत, आबा. चित्रातल्या आहेत."

"त्येच इचारतोय. समद्या एकीच्याच पोटच्या आन् एकाच दिशी झाल्याल्या दिसत्यात."

"लहान पोरांचं पुस्तक आहे. त्यांना कुठं एवढं कळतंय?"

"पोरांना नगं कळू. कोकराला कळाय पायजे का न्हाई? त्यानं आई वळखायची कशी?"

"आईला लाल रिबीन बांधणार आहे."

आत भाकरी थापत असलेल्या रतनबाईंचे, तिच्या आजीचे, हात थांबले. "रिबीन? आन् वेणी न्हाई व्हय घालायची तिला?"

दोघं म्हातारी बराच वेळ हसत होती. हर्षदानं मोबाइल काढून घेतला आणि दोन दिवस घरात पुस्तकाचा विषय काढला नाही. पसंत पडलेलं काम आपणच उकरून काढणं म्हणजे हातचं घालवणं, एवढं तिला कळत होतं. पण तिसऱ्या दिवशी दुकानात तिनं पडद्यावरची रिबीन बोटानं झाकली आणि आई ओळखता येते का ते पाहिलं. येत नव्हती. गोष्टीत कोकरू जे करतं ते करायला चित्रात जागाच नव्हती. वाचणारं मूल आई शोधणार नव्हतं, लाल रंग शोधणार होतं.

आबांची पुतणी धुरपदा अजून मेंढरं राखते. कांदा निघाल्यावर न्हावऱ्याच्या एका शेतकऱ्यानं तिचा कळप खतासाठी रानात बसवला होता. हर्षदा रविवारी स्कुटीवर तिकडं गेली. बरोबर कार्ट्रिज कागद, जलरंग आणि कोळशाच्या कांड्या.

"आत्या, मला एकेक मेंढी वेगळी काढायची आहे."

"मग वळीनं उभ्या करू? का एकेकीचं आधार कार्ड दावू?" धुरपदा म्हणाली. तरी तिनं काठीनं दाखवायला सुरुवात केली. ही कान तुटकी, कुत्र्यानं धरली होती. ही गालावर पांढरा ठिपका. हिचं नाक जास्त बाकदार, हिच्या आईचंबी तसंच होतं. ही उगंच फेंगडी चालती, दुखत काय न्हाई. सगळ्या काळ्या होत्या, पण काळ्यातही एक तांबूस, एक राखी, एक पाठीवर उन्हानं विटलेली. पांढरी एकही नव्हती.

बारानंतर मेंढ्यांनी एकमेकींच्या सावलीत डोकी खुपसली आणि तीन तास एकीचंही तोंड दिसलं नाही. हर्षदानं पाठी काढल्या. जलरंग ताटलीतच वाळत होते, आणि पातळ काळा रंग कागदावर ओल्या सिमेंटसारखा दिसत होता. कोळशानं अंगाचा काळा बरोबर आला, पण राहूला पोचेपर्यंत पिशवीत कागदांवर कागद घासले आणि बत्तीस मेंढ्यांचा एक ढग झाला. धुरपदानं दिलेला लोकरीचा पुंजका तिनं घरी शाईत बुडवून पाहिला. कच्च्या लोकरीला तुपासारखा चिकट थर असतो, शाई धरली नाही. धुतल्यावर पुंजक्याची गाठ झाली. मेंढीच्या लोकरीनंच मेंढी काढायची ही कल्पना चांगली होती, चित्र वाईट आलं.

शेवटी दुकानात डिंक लावायचा जो ब्रश होता, केस फाकलेला, कुणी फेकायचे कष्ट न घेतलेला, तो तिनं कडक झाला होता म्हणून गरम पाण्यात भिजवला. काळी वॉटरप्रूफ शाई घेतली, ब्रश फडक्यावर बराच पुसला आणि जवळपास कोरडाच कागदावर ओढला. केस फाकलेले असल्यामुळं मध्ये मध्ये कागदाचा पांढरा राहिला. भरड, धुळीची लोकर दिसली. तोंड आणि कान तिनं साध्या बारीक निबानं काढले. एका मेंढीला पंचवीस मिनिटं लागली. टॅब्लेटवर सगळा कळप चाळीस मिनिटांत झाला होता.

दुसऱ्या रविवारी ती संध्याकाळपर्यंत थांबली. कळप चरून आला तशी धुरपदानं वाघर, म्हणजे कोकरं ठेवायची जाळी, एका बाजूनं उचलली. तीस-पस्तीस कोकरं ओरडत सुटली. एक चुकून भलत्याच मेंढीखाली घुसलं. तिनं मागं वळून त्याचं बूड हुंगलं आणि धडक देऊन उडवलं.

"लागलं असंल की त्याला," हर्षदा म्हणाली.

"लागू दे. उद्या नीट बघून जाईल," धुरपदा म्हणाली.

चौदावं पान हर्षदानं त्यावरून नव्यानं केलं. मेंढ्यांची तोंडं वाचणाऱ्याकडं नाहीत, कुणाचं कुठं, कुणाचं कुठं. मध्ये हुंगणारी एक, धडक देणारी एक. आई उजवीकडं वरच्या बाजूला, गालावर पांढरा ठिपका. पहिल्या पानावर कोकरू तिच्याजवळ बसलेलं असतं तिथं हा ठिपका दिसतो. मधल्या पानांत त्याचा उल्लेख नाही. रिबीन नाही.

पान पाठवल्यावर नीलमताईंचा फोन दुसऱ्या दिवशी आला. "चित्र चांगलं आहे. पण मी पसंत केलं ते हे नाही."

"हो ताई."

"सगळ्या काळ्या. छापताना शाई भरून नुसता डाग उमटला तर? आणि दुकानात मूल हे पुस्तक उचलेल का?"

"आमच्याकडं मेंढ्या काळ्याच असतात."

"ते ठीक आहे. पण धडक कशाला? लहान मुलं आहेत."

"त्याशिवाय चुकलं हे त्याला कळणार कसं?" हर्षदा म्हणाली. मग तिला वाटलं आपण जास्त बोललो. पण शब्द गेले होते.

नीलमताई म्हणाल्या, "हे आम्ही नाही घेतलं, तर पहिलं, रिबिनीचं, करून द्याल ना?"

हर्षदाच्या नावाचा प्रश्न तिथं होता. हो म्हटलं तर मुखपृष्ठावर नाव पक्कं होतं. ती म्हणाली, "पहिलं दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. फाइल मी देते. त्याचे पैसे नकोत." फोन ठेवल्यावर तिनं कुणाला काही सांगितलं नाही. रतनबाईंनी विचारलं तर म्हणाली, बघू म्हणाल्यात.

आठ दिवस काही आलं नाही. नीलमताईंनी दरम्यान चौदावं पान दोन्ही तऱ्हांनी छापून घेतलं आणि एका बालवाचनालयात नेलं. रिबिनीचं पान पाहून मुलांनी दोन सेकंदांत आई दाखवली आणि पान उलटलं. काळ्या पानावर अकरापैकी सहांना आई सापडली. चौघांनी चुकीची मेंढी दाखवली आणि तीच कशी बरोबर यावर भांडण केलं. एक मुलगी उठायलाच तयार नव्हती, तिला सगळ्या मेंढ्यांना नावं ठेवायची होती. शाई भरली नव्हती, मधला पांढरा कागद छपाईत टिकला होता.

नीलमताईंनी हे सगळं फोनवर जसंच्या तसं सांगितलं, कौतुक केलं नाही. मुदत जूनअखेर, एक दिवसही पुढं नाही, आणि धडक राहील, पण कोकरू पुढच्या पानावर उठून उभं दिसलं पाहिजे. हर्षदा म्हणाली, उठतंच ते. दुकानाच्या मालकाला तिनं जूनपर्यंत अर्धा दिवस मागितला. त्यानं तिच्या जागी कामाला दुसरा मुलगा बघायला सुरुवात केली आहे, हे तिला माहीत आहे.

करार मेलवर आला. त्यात चित्रशैली आणि साधनं यांच्यासमोर जागा मोकळी सोडली होती, चित्रकारानं भरायची. हर्षदानं दोनदा लिहून खोडलं. मग लिहिलं: "काळी शाई, झिजलेला ब्रश, बारीक निब. एकही मेंढी दोनदा वापरणार नाही." खाली सही केली आणि पूर्ण नाव लिहिलं.