आत्यानं पाडलेले तीन अडथळे

मंडळी, आज सकाळी रोहणा गावच्या शाळेत माझ्या आत्याचा सत्कार झाला. आत्या शंभर मीटर अडथळा शर्यतीतली एकेकाळची राज्य विजेती. तिचा परिचय मी वाचला. चार दिवस एकेक वाक्य तपासलं होतं, तरी चुकलेच.

शाळेत जाण्याआधी मला आत्यानंच शिकवलं. तिच्या पोटरीवरचे जुने ओरखडे मोजत मी आकडे शिकले. लहानपणी ती शेतात, विटांवर वाळलेल्या पऱ्हाटीची मोळी आडवी ठेवून सराव करायची. पाय लागला की कापसाच्या त्या काड्या कातडी सोलायच्या. ते आठवून, इतकं सोसल्यावर शर्यतीत तिचा पाय कशाला लागेल असं धरून मी लिहिलं, "आत्यानं कधीच अडथळा पाडला नाही."

आत्यानं माईक घेतला.

"हे पोरगी खोटं सांगून राह्यली! पयल्या स्पर्धेत मी एकही पाडला नाई, म्हणून तर शेवटी आली. पऱ्हाटीच्या भेवानं उंचच उडत होती. सर म्हणाले, हे फळी पडते, पडू दे, तू पळ. मंग राज्याले तीन पाडले अन् पयली आली!"

समोर बसलेल्या शाळेतल्या पोरी खदखदून हसल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. खाली उतरल्यावर मी माफी मागितली.

"माफी काऊन वं? जिथं सांगशीन तिथं खरं सांगजो. नाईतर फळी पाडाले पोरी उगाच भेतीन."

म्हणून इथं दुरुस्त करते : माझी आत्या तीन अडथळे पाडून राज्यात पहिली आली. कौतुकाच्या भरात घरच्या कुणाची गोष्ट तुम्हीही अशी गुळगुळीत केली आहे का?