मुहूर्ताचा खडा

शाहूपुरीतल्या गुळाच्या पेठेत शिवपुत्र दलालांच्या जिभेला भारी मान. खडा तोंडात टाकला की गूळ कुठल्या गावचा आणि रस आटवायच्या काहिलीखालचा जाळ कुठं चुकला, ते सांगून मोकळे. अशा माणसाला मधुमेह व्हावा, ही देवाची थट्टाच! त्यात तरुणपणापासूनची अर्धशिशी. ही दोन्ही दुखणी त्यांच्या अंगात सवतींसारखी नांदत. साखर वाढू नये म्हणून पोट रिकामं ठेवावं, तर डोकं उठायचं. डोक्यासाठी चार घास जास्त खावेत, तर साखर चढायची. डॉक्टरांनी गुळाला हात लावायचा नाही असं बजावलेलं. पण हे पेठेत कळलं, तर साखरेच्या रोग्याच्या निवाड्यावर सौदा कोण करणार? म्हणून शिवपुत्र गूळ चाखायचे आणि गुपचूप रुमालात थुंकायचे.

१९९८चा दिवाळी पाडवा. मुहूर्ताचा सौदा. या दिवशीचा पहिला खडा थुंकत नाहीत, गिळायचाच असतो. त्याच्या साखरेला जागा ठेवायची म्हणून शिवपुत्रांनी सकाळचं खाणं टाळलं. "दोन घास खाऊन जावा की," असं शांभवीबाई दारापर्यंत येऊन म्हणाल्या. पण नवऱ्याला स्वतःचा शहाणपणा फार. व्हायचं तेच झालं. हलगी कडाडली, बोलीवाले ओरडू लागले आणि यांच्या उजव्या डोळ्यामागं कुणीतरी घण घालू लागलं.

शिरोळच्या म्हाताऱ्या गणपतरावांनी आपल्या गुळाचा खडा पुढं केला. शिवपुत्रांनी तो तोंडात टाकला, पोटातून उमासा आला आणि खडा सगळ्यांदेखत भुईवर पडला.

बोली थांबली. हलगीसुद्धा थांबली.

"माझा गूळ थुकला?" गणपतराव गरजले. "आण्णा, खोट काय हाय ते बोला. न्हायतर ह्यो गूळ आता कुत्रं बी घ्यायचं न्हाय!"

व्यापारी खरंच पाय मागं घेत होते. आपलं नाव राखावं, तर या माणसाचा वर्षभराचा घाम मातीत. शिवपुत्रांना स्वतःची लाज वाटली. डोकं दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "गूळ एक नंबर हाय, काका. खोट माझ्यात हाय. मला साखर हाय, वर अर्धशिशी. चार वर्सं झाली, मुहूर्ताचा सोडला तर मी एक खडा गिळलेला न्हाय."

पेठेत खसखस पिकली आणि बोली पुन्हा चढू लागली. गणपतरावांनी त्यांना धरून पोत्यावर टेकवलं आणि कानाशी लागले.

"मला सात वर्सं झाली साखर हाय. घरात बोट बी चाटू देत न्हाईत. तुमी चांगला म्हणला, की मग मला कळतंय औंदा गूळ कसा झालाय त्ये."