बिनचरबीची नळी

"बसलं म्हणजे चिकटलं, असं नाय," मामा म्हणायचे आणि नळी उजेडासमोर धरून एक डोळा मिटायचे.

महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मी संशोधक होते, ते कंत्राटी मदतनीस. पन्नाशी उलटलेली, शिक्षण दहावी, घर उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत. पोलादपूरहून पहिल्या एसटीनं येत, वॉचमनला 'जयभीम' घालत आणि सरळ हात धुवायला जात.

आमचं काम सांगायला सोपं. पेशीभोवती चरबीचं पातळ आवरण असतं. आमचं प्रोटीन त्याला चिकटतं का, ते बघायचं. पाण्यात चरबीचे अतिसूक्ष्म बुडबुडे करायचे, त्यात प्रोटीन मिसळायचं आणि नळी यंत्रात प्रचंड वेगानं फिरवायची. बुडबुडे तळाला जातात, चिकटलेलं प्रोटीनही त्यांच्याबरोबर जातं. पण प्रोटीनच बिघडून त्याच्या गुठळ्या झाल्या असतील, तर ते एकटंही खाली बसतं. म्हणून चरबी न घातलेली एक नळी सोबत फिरवायची असते. तिच्यात प्रोटीन वरच राहायला हवं.

नव्या पोरांना मामा विचारत, "पुरानंतर घरात गाळ बसतो. त्याचं काय फरशीशी नातं हाय?"

समोरासमोरच्या नळ्यांची वजनं ते इतकी काटेकोर जुळवत, की डब्यातल्या दोन भाकऱ्याही तोलून आणत असतील अशी आम्ही थट्टा करायचो. असा एखादा माणूस तुमच्याही कामावर असेल. आपण त्याला हसतो आणि त्याच्याच भरवशावर घरी जातो.

एकदा मुंबईहून मोठे अधिकारी यायचे होते. निकाल पटला तर काम पुढे चालणार, नाहीतर विभाग बंद. माझा निकाल देखणा होता, जवळजवळ सगळं प्रोटीन तळाला. बैठक दुपारी तीनला. सकाळी नऊला मामा माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. मी वापरलेला प्रोटीनचा नवा गोठवलेला माल वितळवताना त्यांना जरा दुधी दिसला होता. याची बिनचरबीची नळी लावली होती का, असं त्यांनी विचारलं.

लावली नव्हती. जुन्या मालाची लावली होती, तीच पुरे असं मी ठरवून टाकलं होतं. आता वेळ नाही, मी तुटकपणे म्हटलं. ते म्हणाले, मी लावतो, तुम्ही तुमचं बघा.

यंत्र तासभर घरघरत राहिलं. मी भाषणाची तयारी करत होते, पण कान तिकडेच. मग त्यांनी वरचं पाणी आणि तळाचा साका वेगळा करून जेलवर, म्हणजे प्रोटीनच्या पट्ट्या उमटवणाऱ्या पातळ थरावर, वेगवेगळ्या रकान्यांत चढवला, रंगवला. अडीचला जेलचं ताट माझ्यासमोर ठेवलं. वरच्या पाण्याच्या रकान्यात जवळजवळ काही नव्हतं. साक्याच्या रकान्यात जाड निळी पट्टी. चरबीचा थेंब नसताना प्रोटीन खाली बसलं होतं.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "हे फेकून द्या."

ते हलले नाहीत. "बाय," ते म्हणाले. एरवी मला मॅडम म्हणणारा माणूस. "फेकायचं तर तुम्ही फेका. मी बगितलंय. ते न बगितल्यासारखं मला नाय करता यायचं."

आणि दार ओढून घेऊन गेले. विभाग बंद झाला तर पहिली गदा कंत्राटी माणसांवर येणार, हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं.

ताट घेऊन मी बेसिनपर्यंत गेले. किती वेळ उभी होते, आठवत नाही. मग परतले, जेलचा फोटो काढला आणि सादरीकरणात शेवटी जोडला.

बैठक वीस मिनिटांत आटोपली. आठवड्याभरात मामांना घरी पाठवलं, महिन्याभरात विभागाला कुलूप. मला पुण्यात काम मिळालं. त्यांना फोन करायचं मी पुढे ढकलत राहिले.

यंदा वरंधच्या घाटानं महाडला येताना मनाचा हिय्या करून पुढे वाडीवर गेले. मामांचं दार बंद होतं. शेजारच्या बाईंनी सांगितलं, पावसाळ्यात छातीत कळ आली, पोलादपूरला पोचेपर्यंत सगळं संपलं. बायकोला मुलगा मुंबईला घेऊन गेला. मग त्यांनी मी कोण ते विचारलं. मी प्रयोगशाळेचं सांगितलं.

"म्हणजे तुम्हीच गो त्या," बाई म्हणाल्या. "सांगायचा तो. आमच्या मॅडमनं नोकरीवर पाणी सोडलं, पण खोटं दाखवलं नाय."

फेकून द्या असं मी म्हटलं होतं, ते त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

बाई पाणी आणायला आत गेल्या. मी मामांच्या ओट्यावर बसले.