शिखरापेक्षा उंच खांब नको

मंडळी, आज सकाळची गोष्ट सांगतो.

गगनबावड्याकडं एका गावात आमच्या एफएमचा सिग्नल पुढं पाठवणारी अँटेना मीच बसवलीय. "खांब देवळाच्या शिखरापेक्षा उंच नको," म्हणून गुरव अडून बसले. मीही मान डोलावली नि खांब बुटका ठेवला.

आज धरणातनं पाणी सोडल्याची सूचना रेडिओवर सारखी चालू होती. सिग्नल बघायला टेकडीमागच्या वाडीत गेलतो, तर नुसती खरखर; बुटक्या खांबाचा सिग्नल टेकडीनं अडवलेला. मोबाईललाही रेंज न्हाय.

खाली नदीत तेच गुरव म्हशी धूत होते!

"मामा, सूचना ऐकली न्हाय व्हय?" मी ओरडलो.

"कसली सूचना, पावणं?"

म्हशी बाहेर काढेपर्यंत घोट्याचं पाणी मांडीला आलं.

चूक कुणाची म्हणाल? गुरवांना टेकडी ठाऊक होती, सिग्नलचं न्हाय. मला दोन्ही ठाऊक होतं की.