मेंढरासारखा कातरलेला कापश्या

पाथर्डीकडच्या भिमाजीनानांनी ज्याच्यावर इलाज केला नाही, असं जनावर त्यांच्या गावात शोधून सापडायचं नाही. माणसं ऐकत नाहीत, म्हणून नाना जनावरांच्या मागे लागले असावेत. जीव मात्र एकावरच. लेकानं पुण्याहून आणून सोडलेला पांढरा झुबकेदार कुत्रा, कापश्या. ताटातला पहिला घास त्याचा. बायको पुष्पावती फणकाऱ्यानं म्हणायची, "माझं कधी येवढं केलं न्हाई."

यंदा चैत्रातच ऊन असं तापलं की कापश्या दिवसभर जीभ काढून धापा टाकू लागला. नानांनी डोकं चालवलं. उन्हाळ्यात मेंढरं कातरतात, मग कुत्र्यानं काय घोडं मारलंय? पुंजाराम मेंढपाळाला बोलावणं गेलं.

"नाना, कुत्रं कधी कातरलं न्हाई म्या," कातर हातात धरून पुंजाराम म्हणाला.

"तू हात चालव, तोंड नको!"

घटकाभरात एकीकडे केसांचा ढीग आणि दुसरीकडे गुलाबी कातड्याचं एक लाजलेलं जनावर. शेजारची रंगुबाई कुंपणावरून डोकावली, "नाना, डुकराचं पिल्लू कवा आनलं?"

हसणं तिथंच संपलं. उघड्या कातड्यावर ऊन बसलं, अंग लालबुंद झालं, कापश्या पाण्याला तोंड लावीना. घाबरलेल्या नानांनी जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, ते केसच त्याचं छप्पर होतं! आता सावलीत ठेवा, ओलं कापड ठेवा, वारा लागू द्या. आणि पाणी पितो का ते बघा, नाहीतर अवघड आहे." करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

त्यात दुसऱ्या दिवशी भाची ज्ञानेश्वरीचं लग्न, मुहूर्त ऐन दुपारचा. मुलीचा मामाच गैरहजर कसा राहणार? नानांनी कापश्याला पाटीत घातलं आणि थेट मांडवात नेलं. वरपक्षासाठी लावलेल्या कूलरसमोर ठाण मांडलं, डोक्यावरचा फेटा उतरवून पिंपातल्या पाण्यात बुडवला आणि कापश्याच्या अंगावर पसरला.

"पाव्हनं, फेटा डोक्याला बांधत्यात," नवऱ्याकडचा एक म्हातारा खेकसला.

"ज्याला ऊन लागलंय त्याला बांधलाय. तुमी सरका, वारा अडतोय."

तेवढ्यात माईकवरून पुकारा झाला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे!" नाना हलले नाहीत. पुन्हा पुकारा. अख्खा मांडव वळून बघू लागला. तिकडे भाचीचा मान, इकडे हा मुका जीव, आणि त्याची ही दशा आपणच केलेली.

नवं लुगडं सावरत पुष्पावती तरातरा आली. आता चारचौघांत आपली पूजा होणार म्हणून नानांनी मान खाली घातली. ती मातीतच बसली, ओल्या फेट्यासकट कापश्याला मांडीवर घेतलं आणि ओंजळीत पाणी धरलं.

"म्या केलं गं हे," नाना पुटपुटले. "ह्याला कसं सोडू?"

"भाचीला न्या. हितं मी हाय."

कापश्यानं तिचा हात हुंगला. मग हळूच जीभ बाहेर काढली आणि लपलप पाणी पिऊ लागला. नाना भर मांडवात रडायलाच लागले.

"पितंय की आता! जावा, पोरगी ताटकळलीय!" पुष्पावतीनं त्यांना कोपरानं ढकललं.

लग्नाच्या फोटोत सगळे समोर बघताहेत. भाचीच्या शेजारी बोडक्या डोक्यानं उभे असलेले नाना तेवढे कूलरकडं बघताहेत.